आईची निगेटिव्ह

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी पेंट शॉपला आहे. रंगवलेल्या पत्र्यावर धुळीचा कण राहिलाय का, हे बघणं माझं काम. वीस वर्षं तेच केल्यानं नजर अशी झालीय की पाहुण्यांकडे चहाला गेलो तरी आधी त्यांच्या कपाटावरचे डाग दिसतात. बायको म्हणते, "तुम्हाला माणसं दिसत न्हाईत, डाग तेवढं दिसत्यात." मला ते कौतुकच वाटायचं.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. तिचा चेहरा मला आठवत नाही. तिचा एकच फोटो होता, मावशीच्या लग्नातला, खुटबावला मावशीच्या घरी. मला कळायला लागायच्या आधीच त्याला वाळवी लागली. मागच्या दिवाळीत मावशीनं ट्रंक आवरली, तेव्हा एका पाकिटात त्याच फोटोची निगेटिव्ह निघाली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. उजेडात धरली तर पांढऱ्या केसांच्या आणि काळ्या चेहऱ्यांच्या दोन बायका. डावीकडची आई, असं मावशीनं सांगितलं. मी उभ्या उभ्या रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुकानात द्यायचा धीर होईना. हरवली तर? मग एक जुना स्कॅनरच विकत घेतला.

आमच्या खोलीपासून हायवे हाकेवर. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. म्हणून रविवारी पहाटे बसलो. पंखा बंद, खिडकीला ओली चादर, फरशी पुसून ओलसरच ठेवली. स्वेटर काढला, कारण त्याचे तंतू उडतात. निगेटिव्ह कडेनं धरली. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं हवा मारायची. काच तीनदा पुसली. बायको दारातूनच म्हणाली, "चहा आनू, का त्याचीबी धूळ उडती?"

एवढं करूनही कॉम्प्युटरवर आईच्या अंगभर कण दिसले. पांढरे, काळे, केसासारखे वाकडे. दिवसभर बसून एकेक काढला. संध्याकाळी तिचा चेहरा नव्या पत्र्यासारखा स्वच्छ झाला. तिच्या एकटीचा मोठा फोटो करून घेतला, काच बसवली आणि खुटबावला नेला.

मावशीनं तो हातभर लांब धरला. "ही कोन रं?"

"आई."

"न्हाई. हिच्या हनुवटीवर काहीच न्हाई." तिनं स्वतःची हनुवटी वर केली. सुरकुत्यांत तीन हिरवे ठिपके. "दोघी जत्रंत गेलो व्हतो. गोंदणारीनं आधी तिला टोचलं, मंग मला. ती न्हाई रडली, मीच रडले."

ते तीन ठिपके मी पाहिले होते. कॅमेऱ्यात असतानाच फिल्मवर कण बसले असतील, असं ठरवून मोठ्या सफाईनं काढले होते. ज्यानं आईला एकदा जरी नीट पाहिलंय, त्याच्या हातून असं झालं नसतं.

पुसण्याआधीचा स्कॅनही मी ठेवला नव्हता. घरी येऊन निगेटिव्ह पुन्हा लावली. फुग्यानं हवा मारली, पुढं कशालाच हात लावला नाही. अंगभर कण पुन्हा आले, हनुवटीवर तिन्ही ठिपकेही आले. आणि डाव्या डोळ्याखाली आणखी एक, काळा, एकटाच. पहिल्या वेळी तोही काढला असणार.

पुढच्या रविवारी पुन्हा खुटबाव. मोबाइलवर चेहरा मोठा करून मावशीला दाखवला. "मावशी, इथं तिला तीळ होता का?"

तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघत राहिली.

"असंल बाबा. नसंलबी. तिचं हसनं ध्यानात हाय, बोलनं हाय. डोळ्याखाली काय व्हतं ते काय येईना बग."

तिच्यापलीकडे आता विचारायला कोणी नाही. बायको म्हणते, धूळ असंल, काढून टाका. काढलेला नाही. कडेवरचं पोर आईच्या तिळाला बोट लावतंच. तो तीळ असेल, तर मीही लावलं असेल.