शेजारच्यांचा फोन

द्वारका चौकाच्या मागे आमच्या गल्लीत तेव्हा एकच फोन होता, शेजारच्या काकांकडे. निरोपासाठी सगळे त्यांचाच नंबर द्यायचे. काका मात्र कुणाला फोनवर बोलवायचे नाहीत. स्वतःच ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, "हे बघ, सार सांगतो," म्हणत त्यांना योग्य वाटेल तेवढंच सांगायचे.

मेडिकलच्या वेटिंग लिस्टवर माझं नाव पहिलं होतं. कॉलेजला मीही तोच नंबर दिला होता. रोज विचारायला गेले की काका हसायचे, "आला की सांगेन की गं. पळून जातोय का फोन?"

एका संध्याकाळी मी वडिलांबरोबर जात असताना काकांनी त्यांना थांबवलं. "परवा कॉलेजचा फोन होता. जागा निघाली, लगेच या म्हणाले. मीच नको म्हणून सांगितलं. एवढी वर्षं शिकवायची आणि मग लग्न. तुम्हाला झेपलं नसतं."

वडील टेम्पो चालवायचे. सरकारी कॉलेजची फी त्यांनी केव्हाच बाजूला काढून ठेवली होती. मोठ्यांपुढे बोलायची मला सवय नव्हती, तरी विचारलं, "काका, हे ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, किती तापतेस!" म्हणत त्यांनी काकूंकडून माझ्यासाठी सरबत मागवलं. मी ग्लासाला हात लावला नाही.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळून गेली होती. काका मात्र अजून गल्लीत सांगतात, "पोरगी हुशार आहे, पण माणुसकी नाही. आमच्या घरचं सरबत नाकारलं हिनं."