लाईट चालू आसा गो

नवी गाडी घेतली तेव्हा ती सुरक्षित आहे म्हणून घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. शोरूममध्ये तिच्या पुढच्या दिव्यांखालच्या पांढऱ्या झगझगीत पट्ट्या पाहिल्या आणि मी भुललेच. काजळ घातलेल्या मुलीसारखी ती गाडी उठून दिसत होती. "गाडी सुरू केली की या आपोआप लागतात, दिवसासुद्धा. समोरच्याला तुम्ही लांबून दिसता," असं तिथला माणूस म्हणाला आणि नुसत्या दिसण्यावर भुलल्याबद्दल मला एक शहाणं कारण मिळालं.

कट्टा या बाजारगावाच्या अलीकडे आमचा गाव आणि मालवणात माझी कचेरी. पहिल्याच सकाळी एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून बोटांची उघडमीट केली. आमच्या रस्त्यावर याचा अर्थ एकच, तुमची लाईट चालू राहिलीय. मी हसून मान हलवली. पुढे स्कूटरवरच्या भटजींनी तेच केलं, मग शाळेच्या रिक्षातल्या सगळ्या पोरांनी. मासळीच्या टेम्पोवाल्याने तर टेम्पो आडवा घालून मला थांबवलं.

"बाय, लाईट चालू आसा गो. बॅटरी उतरतली."

"ती बंद होणा नाय," मी म्हटलं. "कंपनीनच तशी दिल्यान."

त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की कुणीतरी माझ्या गळ्यात बिघडलेली गाडी मारलीय अशी त्याची खात्री झाली होती. "कट्ट्यार वायरमन आसा," तो हळूच म्हणाला. "वायर तोडून दितलो."

आमच्या लोकांना परक्याची बॅटरी फुकट उतरलेली बघवत नाही. महिनाभरात त्या रस्त्यावर मला न ओळखणारा माणूस उरला नाही, आणि मी ऐकत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आपला मोर्चा बाबांकडे वळवला. बाबा निवृत्त मास्तर. चाळीस वर्षं गणित शिकवलं, आणि वर्ग सुटला की रिकाम्या खोलीतले दिवे स्वतः फिरून बंद केले. रोज सकाळी जुन्या स्कूटरवरून ते कट्ट्याच्या बाजारात जात. तिथे त्यांना गाठून लोक म्हणायचे, "गुरुजीनू, तुमच्या चेडवाच्या गाडयेची लाईट दिवसाची पेटता."

बाबा घरी येऊन माझ्यावर उखडायचे. "दिवसाची लाईट कित्याक? सूर्य काय रजेवर गेलोहा?"

मी पण गप्प बसणारी नाही. मला त्यांच्या स्कूटरचीच धास्ती होती. वय चौऱ्याहत्तर, आणि अलीकडे ते रस्त्यात भलत्याच माणसाला हाक मारून मोकळे होत. कुंपणाच्या गडग्यातल्या चिऱ्यावर स्कूटर घालून मडगार्ड चेपलं, तर दोष चिऱ्याला दिला. सावंतवाडीला जाऊन डोळे तपासू, तोवर स्कूटर घरात राहू दे, असं मी कितीदा विनवलं. "माका सगळा दिसता," म्हणत ते पेपर उघडायचे आणि पुरावा म्हणून बारीक अक्षरातली जाहिरात खणखणीत वाचून दाखवायचे. मग मी म्हणायची स्कूटर बंद करा, आणि ते म्हणायचे आधी तू लाईट बंद कर. आई दोघांच्या मधून चहाचे कप घेऊन ये-जा करायची.

एका सोमवारी सकाळी पाहते तर गाडीच्या दोन्ही पट्ट्यांवर काळी चिकटपट्टी. कडा फूटपट्टी धरून कापलेल्या, तेव्हा हे काम कुणाचं ते विचारायचं कारणच नव्हतं. मी भडकले, पण उशीर झाला होता, म्हणून तशीच निघाले. त्या दिवशी रस्त्यात कुणी हात केला नाही. आश्चर्य म्हणजे मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी साडेपाचला परतताना गावाआधीच्या ओढ्यावरच्या मोरीवर बाबा उभे दिसले. रोज तिथपर्यंत ते फिरायला येत. हात पाठीमागे बांधून ते नेमके माझ्याच दिशेने बघत होते. मी वेग कमी केला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीच उमटलं नाही. मी आणखी जवळ आले, तरी त्यांची नजर माझ्यावरून पलीकडे, लांब रस्त्यावर. शेवटी हॉर्न दिला तेव्हा ते एवढे दचकले की मागच्या गवतात पाय घसरला.

मी धावत उतरले. "हंय उभे रवान काय करतास, बाबानू?"

ते गाडीच्या पुढे जाऊन उकिडवे बसले आणि नखाने चिकटपट्टी सोलायला लागले. ती चिवट होती. दुसऱ्या बाजूची मी सोलायला घेतली.

"लोकांसाठी लावूक नाय मी ही," वर न बघता ते म्हणाले. "रोज तुझी गाडी त्या लांबच्या वडाकडसून दिसता माका. बाकीच्यो जवळ इल्याशिवाय दिसनत नाय. म्हटलंय, लाईट नसली तर तुझी दिसता काय, बघूया."

"मगे?"

"हॉर्न मारलंस तेव्हा दिसली."

किती महिने मला हेच त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. मी भांडत बसले होते आणि या माणसाने कुणाला न सांगता आपली परीक्षा आपणच घेतली होती. चिकटपट्टीचा गोळा करून त्यांनी खिशात टाकला, गाडीत बसले आणि पट्टा लावून घेतला.

"सावंतवाडीक कधी जावया?"

"उद्या."

"उद्या तुझी कचेरी."

"रजा काढतंय."

त्यांनी मान हलवली. स्कूटरबद्दल मी एक शब्द काढला नाही, त्यांनीच काढला. मागच्या पडवीत ठेवतो, वर गोणपाट घालायला हवा, म्हणाले. मग घर येईपर्यंत ते काचेतून समोर डोळे ताणून बघत राहिले, आणि समोरून गाडी आली की मला सांगत राहिले, "ही दिसली." थोड्या वेळाने पुन्हा, "ही दिसली."

असं ते तीनदा म्हणाले. समोरून पाच गाड्या आल्या होत्या.