स्टुलावरची बाई

"पदर घ्या डोक्यावर. थोडं वाकून बसा. हं, आता कशा खऱ्या दिसता!"

वर्गासमोर प्लास्टिकचं स्टूल. त्यावर मी, वय सेहेचाळीस. समोर हात असलेल्या खुर्चीत पल्लवी, वय बावीस, जवाहरनगरच्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, मला काकू म्हणणारी. ती झाली होती समाजकार्यकर्ती. मी क्लायंट, म्हणजे जिची मुलाखत घ्यायची ती दुःखी बाई. मला सजवत होत्या आमच्या मॅडम. त्यांच्या मागे भिंतीवर तक्ता: 'कार्यकर्ता आणि क्लायंट समान पातळीवर बसतील.' खरंच तसा तक्ता होता. मी रोज वाचायचे, खालून वर बघत.

या वयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायला मी भंडाऱ्याला आले, त्याचं कारण साधं. सिहोऱ्याकडच्या गावांत मी एका संस्थेचं काम अठरा वर्षं केलं. बायांना दवाखान्यात नेलं, पेन्शनचे अर्ज लिहिले, दारुड्यांशी भांडले. पण दर दोन-तीन वर्षांनी वरून पदवीवाली नवी मुलगी माझी साहेब म्हणून यायची. मी तिला रस्ते दाखवायचे, ती मला काम शिकवायची. पदवी मिळाली की त्या जागेवर मी. एवढंच हवं होतं.

आता कबूल करते. सुरुवातीला मला मजा आली. नाटकाची हौस जुनी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथल्या नाटकात आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून स्टेजवर चढलेली पहिली मुलगी मी. मग इथे काय! टाकलेली बायको केली, विधवा केली, दारुड्याची आई केली. एकदा हुंदका असा काढला की मागच्या बाकावरचा पोरगा नाक पुसू लागला. टाळ्या. मॅडम म्हणाल्या, "वा!" मी फुगले.

वर्ष सरत आलं. सगळे आळीपाळीने खुर्चीवर बसून गेले. मी स्टुलावरच.

"मॅडम, माझी पाळी कधी?"

"अहो, तुमच्यासारखा क्लायंट आम्हाला मिळणार कुठे?"

सगळे हसले. मीही हसले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांच्यासमोर प्रत्येकाने कार्यकर्ता होऊन एक मुलाखत घ्यायची, त्यावर गुण. सकाळपासून पाच जणांसाठी मी रडले. परीक्षक खूश. "बाई अभिनय उत्तम करतात."

मॅडम हसत म्हणाल्या, "अभिनय कसला सर! हे त्यांच्या रक्तातच आहे."

रक्तात.

माझी आई खरी विधवा. बाबा गेले त्या वर्षी ती पदर कमरेला खोचून धानाच्या रोवणीच्या चिखलात उतरली. कुणापुढे वाकून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. मग ही वाकलेली बाई मी आणली कुठून? मॅडमच्या डोक्यातून. वर्षभर त्यांच्या मनातली आमची बाई मी त्यांना करून दाखवत होते. वर टाळ्याही घेत होते.

मी उठले. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

"अहो, हे काय?"

"मी माझी परीक्षा देऊन राहिली, मॅडम. क्लायंट पाठवा."

परीक्षक म्हणाले, "बरोबर आहे. कोण होतंय क्लायंट?"

कोणी हलेना. ज्यांच्यासाठी सकाळपासून रडले, ते पाचही जण आपापल्या चपला बघत होते. शेवटी पल्लवी म्हणाली, "काकू, मी केलं असतं हो. पण मी तशी वाटत नाही ना."

"तशी म्हणजे कशी वो माय?"

तिने ओढणी सारखी केली.

"मॅडम, मग तुम्हीच या."

मॅडमनी घड्याळ पाहिलं.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं: प्रात्यक्षिक झाले नाही. म्हणजे नापास. दारात मॅडम मला हळूच म्हणाल्या, "गप बसला असता स्टुलावर, तर मी पास करून घेतलं असतं तुम्हाला." यावर मला जे उत्तर सुचलं ते छापण्यासारखं नाही.

फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. संस्थेतली जागा तोवर राहील की नाही, माहीत नाही. मी घरची लाकडी खुर्ची धुऊन, वाळवून ठेवली आहे. ती एस.टी.त चढवून भंडाऱ्याला नेणार. कंडक्टर ओळखीचा आहे, कुरकुर करेल, नेईल. स्टूल उचलून वर्गाबाहेर ठेवीन आणि त्या जागी माझी खुर्ची मांडीन. त्यावर कोणी येऊन बसलं, तर मुलाखत घेईन. नाहीच कोणी आलं, तर रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहीन, परीक्षकांना लिहायचं ते लिहू दे. तेव्हाही नापास केलं, तर पुन्हा खुर्ची घेऊन जाईन.

स्टुलावर मी बसणार नाही. गुणांसाठी नाही. टाळ्यांसाठी तर मुळीच नाही.