कप्तानचे बूट

सायरन वाजला की आम्ही सगळे तोंडाला मास्क शोधायचो आणि कप्तान बूट शोधायचे. काळे, चकचकीत. नाडी बांधून झाली की दारापाशी उभे राहून म्हणायचे, "चला, ब्रिंडिसी आलं. उतरा सगळी."

कप्तान खरे तर कप्तान नव्हतेच. रत्नागिरीकडचे, जहाजावर स्वयंपाक करून निवृत्त झालेले आणि मग सौदीतल्या अबकैकच्या आमच्या कंपाउंडच्या मेसमध्ये भटारी. पदवी पोरांनी दिलेली. आखाती युद्ध पेटलं आणि आमचे हे तेलाच्या प्लांटमध्येच अडकले, चार-चार दिवस घरी येईनात. तेव्हा शेजारच्या बायका-पोरांना एका खोलीत बसवून कप्तान धीर द्यायचे.

मी तेव्हा पुण्याहून आलेली, तरुण आणि अकलेची ठेकेदार. विषारी वायूसाठी खिडक्या सील करायला चिकटपट्टी वाटली होती. मी ती सगळी पैठणीच्या कपाटाला लावली. खिडकी तशीच! कप्तान कपाटाकडे बघत राहिले. म्हणाले, "वैनी, लुगडं वाचंल. नेसणार कोण?" आणि मेसमधली स्वतःची पट्टी आणून खिडकी बंद केली.

ब्रिंडिसी म्हणजे इटलीच्या टाचेवरचं जुनं बंदर. त्यांचं जहाज तिथे कधीतरी बरेच दिवस लागलं होतं. दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा आणि बसल्या जागी सफर सुरू. धक्क्यावरून डावीकडे, जाळी विणणारे म्हातारे, बोटभर कपातली कडू कॉफी. मी विचारायची, "चाचा, तिथे पर्सेस स्वस्त मिळतात का?" बाहेर काहीतरी धडाडलं की खोली हलायची. माझी सोनू मला बिलगायची, मी उशीला.

"घाबरताव कशाला?" कप्तान म्हणायचे. "पायऱ्या आल्या बगा."

पाण्यासमोर रुंद पायऱ्या आणि वर दगडी खांब. पूर्वी दोन होते, जहाजांना लांबून दिसायचे. एक पडला, त्याचं नुसतं बूड उरलंय. पण वर चढायला कप्तान कधीच द्यायचे नाहीत. जहाजावरचा त्यांचा रिवाज होता: आपला माणूस मागे असेल तर थांबायचं. "सोनूचा बाबा येऊ दे. मग सगळी मिळून वर."

युद्ध संपलं. हे दाढी वाढवून घरी आले. सोनू धावतच मेसमध्ये गेली. "कप्तानचाचा, पापा आ गये! अब ऊपर चलो!"

कप्तान हसले. खाली बसून तिच्या चपलेचा बंद नीट करत म्हणाले, "अजून एक मानूस यायचाय, बेटी. माझा अन्वर कुवेतला हाय."

इतके महिने या माणसाच्या हातचं जेवले मी. पर्सेसचे भाव विचारले, मुलाबाळांचं कधी विचारलं नाही. अन्वर तिथे गॅरेजमध्ये होता. इराकी फौजा शिरल्यापासून त्याचा काही पत्ता नव्हता.

कफीलने, म्हणजे त्यांच्या अरब मालकाने, सुट्टी दिली तशी कप्तान पाण्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून कुवेतकडे निघाले. उत्तरेचं आभाळ तेलाच्या धुराने काळं झालं होतं. पायात तेच बूट. "येतो, वैनी," म्हणाले. आमची बदली होऊन आम्ही रियाधला गेलो, तोवर ते परतले नव्हते. पुढे कोणालाच काही कळलं नाही.

गेल्या वर्षी सोनूने मला ब्रिंडिसीला नेलं. धक्का, कॉफी, पायऱ्या, सगळं कप्तानांनी सांगितलं तसंच. एक खांब उभा, एकाचं बूड. नात भराभर वर पोहोचली आणि ओरडली, "आजी, यल्ला! कम अप!"

मी खालच्या पायरीवर बसले. गुडघे दुखतायत म्हणाले.

गुडघे ठणठणीत होते. सोनूने माझ्याकडे एकदा पाहिलं, नातीला हाक मारून खाली बोलावलं आणि माझ्या शेजारी बसली.