कुशावर्ताबाईंचे प्रश्न

माप द्यायला उभी राहिलेली बाई हात वर करायची आणि टेप अंगाला लागायच्या आधीच कुशावर्ताबाईंचा प्रश्न यायचा, "पाठ दुखती का? किती दिस झाले? खोकला हाय का? जेवण बराबर जातं का?" ब्लाऊज शिवायला आलेल्या बाईला वाटायचं, आपण पुन्हा दवाखान्यातच आलो की काय. हे प्रश्न त्या सगळ्यांना विचारत नसत. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना मात्र कधी चुकवत नसत.

डोंगरकडा गावच्या शाळेत मी शिकवत होते. त्यांचं घर माझ्या भाड्याच्या खोलीला लागून. यजमान बळीरामभाऊ केळीच्या गाड्या भरायला जायचे आणि त्या ओसरीवर मशीन चालवायच्या. मी तिथे गेले त्याच वर्षी त्यांचा डावा स्तन काढला होता. किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, केस गेले आणि परत आले. "कुरळे आले बघा बाई, जन्मात न्हवते," असं म्हणून आरशात बघून हसल्या. ब्लाऊजची एक बाजू रिकामी लोंबते म्हणून त्यांनी आतून खिसा शिवला आणि त्यात बसेल अशी कापसाची लहानशी उशी केली. वजनाला मूठभर मोहरी घातली. नांदेडच्या दवाखान्यातल्या नर्सनं ती पाहिली आणि दुसऱ्या बायकांना त्यांचा पत्ता देऊ लागली.

"डाक्टरनं मला सांगितलं तेच मी समद्यांना सांगते," त्या म्हणायच्या. "बरं झालं म्हणून संपलं न्हाई. टाक्यापाशी, काखेत, गळ्याच्या हाडापाशी गाठ लागली, हाडाचं दुखणं हटंना, खोकला जाईना, दम लागून राहिला, तर काहून ते इचारायला जायाचं. दर बारी तेच आसतं आसं न्हाई. पर इचारायचं."

एकदा साखऱ्याहून मेंढरं राखणाऱ्या घरातली, ऑपरेशन झालेली एक बाई आली. गळ्याचं माप घेताना कुशावर्ताबाईंचं बोट हाडाच्या वरच्या खळगीत थांबलं.

"हे कवापासून?"

"गवताचा भारा उचलते, त्यानं सुजलं आसंल."

"भाऱ्यानं खांदा सुजतो. हितं न्हाई सुजत. आधी दाखवून या, मग ब्लाऊज."

कापड त्यांनी ठेवून घेतलं. बाई रागानं निघून गेली. दोन महिन्यांनी नवऱ्याबरोबर परत आली. रोग उलटला होता, पण उपचार सुरू झाले होते आणि गाठ उतरत होती. ती ओसरीवर बसून रडली. कुशावर्ताबाईंनी तिला चहा दिला आणि मग टेप उचलला.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, मशीनचं पायडल त्या एकट्या डाव्या पायानं मारतात. उजवा पाय बाजूला काढून ठेवलेला असायचा. उठताना मशीनला धरून उठायच्या. पदराला बामचा वास यायचा. मी विचारलं नाही. दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न होतं आणि बारा ब्लाऊज त्यांच्याकडे पडले होते. बसून बसून कंबर धरली असेल, लग्न उरकलं की बोलू, असं मी मनाला समजावलं. लिहिताना लाज वाटते, पण असंच झालं.

ब्लाऊज वेळेवर आले. लग्न झालं. मी लाडू घेऊन गेले तेव्हा त्या खाली पडलेली कात्री उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मी त्यांना धरून बसवलं.

"कुशाताई, किती दिवस झाले?"

"मशीनचं दुखणं हाय, बाई."

"पंधरा दिवस झाले, की जास्त?"

त्यांनी उजवा पाय हातानं धरून सरकवून घेतला.

"पडून राहिलं तरी दुखतं?"

त्यांचा चेहरा लहान पोरीसारखा वाकडा झाला. "व्हय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेड गाठलं. तपासण्यांत निघालं, खुब्याच्या हाडात आहे, मणक्यात आहे, यकृतातही आहे. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं कुशावर्ताबाईंचा हात हातात घेऊन सांगितलं, "मावशी, आता हा रोग पुरता जाणार नाही. पण औषधानं आवरून धरू, दुखणं कमी करू."

"मी दसऱ्याला आले आसते तर?"

"तरी पुरता गेला नसता. पण हे दोन-अडीच महिने तुम्हाला एवढं सोसावं लागलं नसतं."

बळीरामभाऊंनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. मी जमिनीकडे बघत होते.

गोळ्यांनी आणि शेकानं काही महिने बरे गेले. मग उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "मी तुमचा पाय दसऱ्यालाच पाहिला होता. ब्लाऊज पुरे व्हावेत म्हणून गप्प बसले."

"मला ठाव हाय. तुमी माझ्या पायाकडं बघून राहिल्या होत्या." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी बी मनात म्हणत होते, बाईनं इचारू न्हाई. इचारलं की खरं होईल."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मला वाटलं, झोपल्या. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "पर इचारायला पायजे होतं, बाई."

चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मी पोचले तेव्हा बळीरामभाऊ दारात उभे होते. "शेवटी दुखलं न्हाई तिला," ते म्हणाले. खरंच तसं होतं, की माझ्याकडे बघून ते तसं म्हणाले, मला आजही माहीत नाही.