लाइनमन काका

घणसोली गावात आमच्या आळीतली वीज गेली की बायका पहिल्यांदा लाइनमन काकांच्या दारात जमत. काका गॅलरीतून खाली वाकून ओरडायचे, "अगो, मी तारांचा लाइनमन नाय! बॉलचा लाइनमन!" बायका मान डोलवायच्या आणि विचारायच्या, "बरं, मग त्यांना फोन तरी लावता का?" काका तणतणत आत जायचे आणि फोन लावायचे.

आम्ही त्यांचे भाडेकरू. बाबा परभणीकडून कामाला आले तेव्हापासून आमची खोली काकांच्याच घरात, पहिल्या मजल्यावर. माझं सगळं शिक्षण त्या घरात झालं, आणि त्या सगळ्या वर्षांत काकांना स्वतःचा खेळ एकाही माणसाला नीट समजावून सांगता आलेला मी पाहिला नाही. नाव फुटबॉल, पण बॉल हातात धरायचा. तोही दोन्ही टोकांना निमुळता, पपईसारखा. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड. ऐकणारा पहिल्या दोन मिनिटांत म्हणायचा, "म्हणजे रग्बी." काका कपाळावर हात मारून घ्यायचे.

मूळचे ते कबड्डीचे. गावच्या संघात कोपरा सांभाळायचे, आणि त्यांनी धरलेला गडी सुटत नसे. सत्ताविसाव्या वर्षी कुणीतरी बातमी आणली, की भारतात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग निघतेय, कबड्डीवाले आणि पैलवान हवे आहेत. काकांनी कंपनीतली पक्की नोकरी सोडली. अमेरिकेहून आलेल्या कोचने तीन महिने तालीम घेतली. मग सगळे संघ एकाच शहरात ठेवून, रिकाम्या स्टेडियममध्ये, फक्त कॅमेऱ्यांसमोर सामने झाले. एक हंगाम. दुसऱ्या हंगामाचं बोलावणं कधी आलंच नाही. काकांचं करियर तेवढंच. "लाइनमन म्हंजे मधी उभा राहाचा, पायांतून बॉल मागं द्याचा, न् समोरचा अंगावर येल त्याला झेलाचा," ते सांगायचे. बॉल घेऊन पळणारा दुसराच कुणी असे.

त्यांच्या घरात कुकरची शिट्टी होत नसे. काकी डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या, दीड-दीड तास. शिट्टीने काकांचं डोकं दुखायचं. काळा चष्मा ते घरातही घालायचे. आळीत लोक हसून म्हणायचे, हिरो आहे. मीही हसायचे.

मी अकरावीत असताना त्यांनी मुलींचा संघ काढला. धक्काबुक्कीचा खेळ नाही, फ्लॅग फुटबॉल. कमरेला दोन फिती लावायच्या, समोरच्या मुलीने फीत ओढली की तुम्ही थांबायचं. सेक्टरमधला एक मोकळा प्लॉट आम्हाला सकाळी दीड तास मिळायचा, मग क्रिकेटवाले यायचे आणि आमचे खुणेचे प्लास्टिकचे कोन लाथेने बाजूला सारायचे. काका एकच गोष्ट ओरडत राहायचे, "डोका वर, गो! जमनीत काय पुरलाय?" मान खाली घालून घुसणारीला ते घरी पाठवायचे. मला चार वेळा पाठवलं. मी सगळ्यांत वेगात पळायचे, आणि मला ते अपमानासारखं वाटायचं.

तीन वर्षांनी आम्ही कळंबोलीच्या मैदानावर अंतिम सामन्याला पोचलो. राज्याच्या संघाची निवड करणारे खुर्च्या टाकून बसले होते. सात मिनिटं राहिली असताना माझं डोकं समोरच्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. मी लगेच उठले. काका लंगडत आत आले.

"आज वार कंचा?"

"शनिवार."

रविवार होता. काकांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेऊन बसवलं. मी त्यांचा शर्ट ओढत रडत होते. "काका, मी ठीक आहे! ते बसलेत तिथे, बघतायत!"

"बसूं दे."

आम्ही एका गुणाने हरलो. राज्याच्या यादीत आमच्या संघातल्या दोघींची नावं आली, माझं नव्हतं. परतीच्या टेम्पोत सगळ्यांसमोर मी बोलले, "तुमचं स्वतःचं काही झालं नाही, म्हणून तुम्ही आमचंही होऊ देत नाही."

पूल ओलांडल्यावर काका म्हणाले, "मना कुनी बाहेर काडला नाय."

मला त्याचा अर्थ लागला नाही, लावायचाही नव्हता. मी खेळ सोडला. एकाच जिन्याने जाणं-येणं असूनही आठ महिने त्यांच्याशी बोलले नाही. ते जिन्यात दिसले की भिंतीला चिकटून मला वाट द्यायचे.

पुढे मला ऐरोलीत नोकरी लागली, परदेशी रुग्णांचे विम्याचे कागद तपासायची. एका रविवारी काका बाजारातून कोळंबी घेऊन आले. तासाभराने पुन्हा कोळंबी घेऊन आले. तिसऱ्यांदा पिशवी घेऊन जिना चढताना दिसले तेव्हा काकी पायरीवरच बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा काकींनी मला सांगितलं. लीगमधल्या एका सामन्यात काका तीन वेळा पडले होते. तिन्ही वेळा पाणी पाजून पुन्हा आत पाठवलं. त्या सामन्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना आजपर्यंत आठवत नाही. "फोनवर मना बोलला, आमी जिकलो. हरले व्हते गो."

इंग्रजी बोलायला म्हणून डॉक्टरांकडे मी सोबत जाऊ लागले. डॉक्टरांनी विचारलं, "फुटबॉलमध्ये डोक्याला असं कितीसं लागणार?" मी समजावलं. "रग्बी का?" मी पुन्हा समजावलं. "काही रेकॉर्ड?" मी घरी येऊन शोधायला बसले. लीगची वेबसाइट बंद, करारावरचे फोन बंद, कोचला पाठवलेली मेल परत. दिवसभर मी दुसऱ्या देशातल्या लोकांच्या गुडघ्यांचे सतरा-सतरा कागद तपासायचे, आणि या माणसाने एक चेंडू तरी खेळला याचा एक कागद मला मिळेना. शेवटी चाळीस सेकंदांची एक क्लिप सापडली. धूसर, पाठीवरचे आकडेही वाचता येत नव्हते. मी ती थांबवून विचारलं, "काका, यातले तुम्ही कोणते?"

काकांनी एकमेकांवर पडलेल्या खेळाडूंच्या ढिगाऱ्याकडे बराच वेळ बघितलं. "खालचा."

डॉक्टरांनी ती क्लिप दोनदा पाहिली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की डोक्यावरच्या त्या माराने गेलेलं परत येणार नाही, आता फक्त सांभाळायचं.

गजबजलेल्या गावात ते सांभाळणं जमेना. काका गल्ल्या चुकायला लागले, हॉर्न वाजला की रिक्षावाल्यांच्या अंगावर जायला लागले. कामोठ्याला राहणारी त्यांची मुलगी काका-काकींना तिकडे घेऊन गेली. जाताना काकांनी मला त्यांच्याकडचा तो पपईसारखा बॉल दिला नाही. मी मागितला होता. "माझा हाय," म्हणाले.

मी अधूनमधून जाते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्यांना बरं होतं, मला नावाने हाक मारली. मी विचारलं, "काका, तुम्हाला त्या लीगवाल्यांचा राग येत नाही?"

"येतो ना. पन काडू कुनावर? त्यांचा हापिस हाय कुठं?" ते चहा प्यायले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या बोलावला ना, तं जाईन मी."

"काय बोललाव?" काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"जाईन. तसा खेल मना परत कंदी नाय गावला."

काकींनी माझ्या पुढ्यातली बशी उचलली, तिच्यातली बिस्किटं तशीच घेऊन आत गेल्या, आणि दार लावलं. मलाही संताप आला. डॉक्टरांचा आला होता, त्या लीगच्या कंपनीचा आला होता, पण या माणसाचा आला तसा कुणाचाच नव्हता. एवढं सगळं घालवून बसलेला माणूस खिडकीतून बाहेर बघत आनंदाने मान हलवत होता.

मी निघाले. काकी दारापर्यंत आल्या, डोळे पुसलेले. "तू खेलली हायस, बाय. तूच सांग. तू गेली असतीस?"

मी वाकून सँडलचा पट्टा लावत होते. तो लागला होता. तरी मी लावत राहिले.