पाहुणं झाड

सिस्टरना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं. एका पेशंटला लागलेला हात दुसऱ्याला लागता कामा नये, हे त्यांनी शिकाऊ नर्सना अक्षरशः रडवून शिकवलं.

अशा बाईच्या हातून हे झालं.

समोरच्या टेलरबाई मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या. जाताना आपला मॉन्स्टेरा सिस्टरच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेल्या. भोकाभोकांची सुपाएवढी पानं, उंची थेट दाराएवढी. एका फांदीच्या तुकड्यापासून त्यांनी तो वाढवला होता.

"पाणी बेतानं घाल," टेलरबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या भावाला याच्याजवळ सिगारेट ओढू देऊ नको."

"मी सोडली," धाकटा भाऊ आतून ओरडला.

"कधी?"

"तुम्ही बोललात ना, तेव्हाच."

पुढच्या आठवड्यात सिस्टर पानं पुसायला बसल्या. देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. त्यात नवल काय? टेलरबाईंच्या घरात माणसांच्या केसांतसुद्धा दोरे असतात. सिस्टरनी तो ओल्या फडक्यानं टिपला. मग त्याच फडक्यानं आपल्या कुंड्यांतलं ॲन्थुरियम पुसलं, कॅलॅथिया पुसलं, मनी प्लांट पुसला. फडकं स्वच्छ धुतलेलं होतं. पण होतं एकच. दर आठवड्याला तेच.

एके सकाळी भावाचा मोजा लादीला चिकटला.

"ताई, सरबत सांडलंय का गं?"

सिस्टर वाकल्या. मॉन्स्टेराखाली लादी चिकट होती. खिडकीतून मुंग्यांची रांग थेट झाडावर चढत होती. त्यांनी भिंग आणलं आणि देठाशी धरलं. कापूस चालत होता.

"पिठ्या ढेकूण," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक कुंडी पाहिली. प्रत्येक पान उलटं केलं. पिठ्या ढेकूण सगळीकडे होते. त्या स्टुलावर बसल्या आणि हातातल्या फडक्याकडे बघत राहिल्या.

"मी वॉर्डभर एकच हातमोजा फिरवला," त्या म्हणाल्या.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," भाऊ म्हणाला. "कीड टेलरबाईंच्या झाडानं आणली. तुझा काय दोष?"

"आणली त्यानं. वाटली मी."

सिस्टरनी पदर खोचला. बाथरूमचा आयसोलेशन वॉर्ड झाला. एकेक झाड आत जाई. साबणाच्या पाण्यानं अंघोळ, मग स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा. प्रत्येक बेचकं, प्रत्येक शीर, पानाची प्रत्येक मागची बाजू. एका झाडाचं फडकं दुसऱ्याला नाही. वापरलं की केराच्या पिशवीत. कुंड्यांच्या टेबलाचे पाय त्यांनी पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या काठापर्यंत येऊन परत फिरू लागल्या.

"माझ्या अंघोळीचं काय?" टॉवेल खांद्यावर टाकून भावानं विचारलं.

"तुझ्यावर कीड आहे का?"

"नाही."

"मग थांब."

आठ-दहा दिवस झाडं स्वच्छ राहत. मग अंड्यांतून नवी पिल्लं बाहेर पडत आणि सगळं पहिल्यापासून. कॅलॅथिया गेलं. सिस्टरनी ते मातीसकट पिशवीत बांधून फेकलं आणि दुसऱ्या झाडाकडे वळल्या. मॉन्स्टेराची पानं पिवळी पडत होती. त्यांनी कात्री उकळून घेतली आणि एकेक पान उतरवलं. टेलरबाईंच्या वैभवाचा खुंट झाला.

त्यातच फोन आला.

"नात झाली बघ! आणि माझा मॉन्स्टेरा कसाय? फोटो पाठव ना."

भाऊ शेजारीच होता. "पहिल्या दिवशीचा पाठव," तो कुजबुजला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली की आत कीड वाढते," सिस्टर त्याला म्हणाल्या. मग फोनवर, "अभिनंदन. झाड आजारी आहे. मी न बघता फडकं फिरवलं, म्हणून फार पसरलं. बरीच पानं कापलीत."

मग टेलरबाईंनी विचारलं, "जगेल?"

उभ्या नोकरीत सिस्टरनी पेशंटच्या नातेवाइकाला हा शब्द दिला नव्हता. जे हातात नाही ते बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी खुंटाकडे पाहिलं.

"जगेल," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाला, "आता आली का पंचाईत?"

"आली. कापूस दे."

त्या दिवसापासून सकाळचा चहासुद्धा झाड तपासल्यावरच. मुळं धुऊन माती बदलली. हातांना स्पिरिटचा वास बसला, बोटांची कातडी निघाली. भावानं गुपचूप रबरी हातमोजे आणून ठेवले. खुंटावर एक कोंब फुटला, त्याची हिरवी सुरळी झाली. आठवड्यामागून आठवडे गेले, झाड स्वच्छ राहिलं.

टेलरबाई परत येण्याच्या दिवशी सकाळी सिस्टरनी भिंग धरलं. सुरळीच्या बुडाशी पांढरा ठिपका होता.

"एकच तर आहे," भाऊ म्हणाला. "टिप आणि दे. कोणाला कळतंय?"

सिस्टरनी भिंग बाजूला ठेवलं. ठिपका तिथंच राहू दिला.

टेलरबाई बॅग न उघडताच आल्या. झाडासमोर उभ्या राहिल्या.

"हा माझा?"

"तुझाच."

"दारात मावत नव्हता. आता पिशवीत मावेल." त्यांनी डोळे पुसले. मग कुंडीला मिठी घातली. "चल रे बाबा घरी."

"आज न्यायचा नाही," सिस्टर म्हणाल्या.

"का? अजून काही कापायचं राहिलंय?"

सिस्टरनी तो टोमणा गिळला आणि भिंग पुढे केलं. "स्वतः बघ. नेलास तर तुझ्या घरात कीड परत वाढेल. नाहीतर मघाशीच टिपून, गोड बोलून दिला असता."

टेलरबाईंनी कुंडी खाली ठेवली. भिंग बाजूला सारून स्वतःचा चष्मा लावला. बराच वेळ त्या वाकून होत्या.

"एक कुठं? दोन आहेत," त्या म्हणाल्या. "या दुमडीच्या आत बघ. तुझा बोळा तिथं जाणारच नाही."

"दिसला नाही मला."

"कसा दिसेल? मी तर याला दोराच समजत होते. माझ्याकडे होता तेव्हापासून." त्या जरा थांबल्या. "तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं मी."

भावानं यावेळी म्हण काढली नाही.

"जगेल म्हणालीस ना?" टेलरबाईंनी विचारलं.

"म्हणाले. अजून म्हणतेय."

टेलरबाईंनी पर्समधून सुई काढली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि स्टूल पुढे ओढलं.

"दिवा इकडे कर," त्या म्हणाल्या. "आणि पान धर. हलवू नको."